औषधाचे रोप आणि दुसऱ्याचे घर



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. इशाची नमाज आटोपून लोक पांगले होते. मशिदीच्या पायरीवर एक वयस्क गृहस्थ माझी वाट पाहत थांबले होते. उमेदीची वर्षे आखातात नोकरी करून गावी परतलेले, पाचही वेळा पहिल्या सफीत उभे राहणारे असे हे चाचा. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, एक छायाचित्र माझ्यापुढे धरले आणि स्वतः मान दुसरीकडे वळविली. छायाचित्रात एका बंद खोलीत पाच कुंड्या मांडलेल्या होत्या. वर प्रखर दिवे टांगले होते. कुंड्यांतील रोपे गांजाची होती.

"मौलाना, हे माझ्या मुलाच्या घरातले आहे, कॅनडातले. तो म्हणतो, डॉक्टरांनी लिहून दिले, सरकारनेही परवानगी दिली. घरमालक म्हणतो, घर खाली करा. मला बाकी काही कळत नाही. एवढेच सांगा, माझा मुलगा गंजेडी झाला काय?"

खरे सांगतो, उत्तर माझ्या ओठांवर तयार होते. 'हराम आहे, उपटून फेकायला सांगा,' एवढे बोलून मी कुलूप लावायला वळलो असतो. परंतु चाचांच्या हाताला कंप सुटला होता. प्रश्न विचारणारा जेव्हा असा थरथरतो, तेव्हा उत्तर देणाऱ्याने थोडे थांबावे, हे माझ्या उस्तादांनी शिकविले आहे. मी त्यांना आत बसविले आणि सर्व हकीकत ऐकून घेतली. त्या रात्री माझ्या लक्षात आले की, चाचांचा एक प्रश्न वस्तुतः दोन प्रश्न आहेत. पहिला त्या वनस्पतीचा आणि दुसरा त्या घराचा. आपण सारे पहिल्याच प्रश्नावर वाद घालतो. दुसरा मात्र कोणी विचारीतही नाही. या लेखात दोन्ही प्रश्नांचा क्रमाने अभ्यास करू.

आजार आणि परवानगी

चाचांच्या मुलास मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा आजार आहे. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच मज्जातंतूंच्या आवरणावर हल्ला करते. त्याचे पाय रात्री लाकडासारखे ताठ होतात, पेटके येतात, झोप लागत नाही. नेहमीच्या औषधांनी पुरेसा आराम पडला नाही, तेव्हा डॉक्टरांनी त्याला वैद्यकीय कारणासाठी गांजा वापरण्याचे पत्र दिले.

कॅनडातील कायदा आपल्याहून वेगळा आहे. तेथे 2001 पासून रुग्णांना वैद्यकीय कारणासाठी गांजा बाळगण्याची नियमबद्ध वाट आहे. 2013 च्या नियमांनी घरी रोपे लावण्याची मुभा काढून घेतली होती. तथापि 2016 मध्ये तेथील फेडरल न्यायालयाने ते नियम घटनाविरोधी ठरविले आणि त्याच वर्षी घरी पिकविण्याची वाट पुन्हा खुली झाली. पुढे 17 ऑक्टोबर 2018 रोजी नवा कायदा अमलात आला आणि प्रौढांना औषधाव्यतिरिक्तही मर्यादित प्रमाणात गांजा बाळगण्यास परवानगी मिळाली. रुग्णांसाठी मात्र वेगळी व्यवस्था कायम राहिली. डॉक्टरांचे पत्र घेऊन रुग्ण केंद्रीय आरोग्य खात्याकडे नोंदणी करतो. डॉक्टरांनी रोज किती ग्रॅम लिहिले आहे, त्यावरून रोपांची संख्या ठरते. रोज 1 ग्रॅम लिहिले असेल तर घरात 5 रोपांची परवानगी मिळते. ज्याला स्वतः रोपे लावता येत नाहीत, तो नोंदणी करून दुसऱ्या व्यक्तीकडून ती वाढवून घेऊ शकतो किंवा परवानाधारक विक्रेत्याकडून तयार औषध टपालाने मागवू शकतो.

चाचांच्या मुलाने नोंदणी केली होती. म्हणजे देशाच्या कायद्याच्या दृष्टीने तो गुन्हेगार नव्हता. परंतु तो राहत होता ते घर त्याचे नव्हते. ऑंटारिओ प्रांतातील एका शहरात, एका वृद्ध गृहस्थांच्या घराच्या तळमजल्यावर तो पत्नीसह भाड्याने राहतो. वरच्या मजल्यावर मालक स्वतः राहतात. खालच्या कोठीच्या खोलीत त्याने कुंड्या ठेवल्या, दिवे टांगले, पंखा लावला आणि मालकांना काहीच सांगितले नाही. रोपांना फुले आली, तेव्हा तो उग्र दर्प जिन्याने वर गेला आणि सारे उघड झाले.

पहिला प्रश्न: वनस्पतीचा

नशा आणणाऱ्या वस्तूंविषयी इस्लामची शिकवण निःसंदिग्ध आहे. सूरह माइदाच्या 90 व्या आयतीत अल्लाहने मद्य आणि जुगार यांना सैतानाची घाणेरडी कृत्ये म्हटले असून त्यांपासून दूर राहण्याचा आदेश दिला आहे. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी नशा आणणारी प्रत्येक वस्तू मद्याच्याच सदरात घातली आणि जिचे पुष्कळ प्रमाण नशा आणते तिचे थोडे प्रमाणही निषिद्ध ठरविले. तेव्हा मौजेसाठी, मैफलीसाठी किंवा दुःख विसरण्यासाठी गांजा ओढणे हराम आहे. यात कोणत्याही मसलकाचे दुमत नाही. एखाद्या देशाच्या कायद्याने मुभा दिली म्हणून हे बदलत नाही.

परंतु औषधाचे काय? येथे विद्वानांनी फार काळजीपूर्वक विचार केला आहे. हशीश, म्हणजे गांजा-चरसाचा प्रकार, चारही इमामांच्या काळात मुस्लिम समाजात परिचित नव्हता. तो साधारणपणे सहाव्या-सातव्या हिजरी शतकात पसरला. इमाम इब्ने तैमिया (र.) यांनी त्याला मद्याप्रमाणेच नशा मानून अतिशय कठोर भूमिका घेतली. मालिकी विद्वान इमाम कराफी (र.) यांनी त्याला मद्यापासून वेगळ्या वर्गात ठेवले. त्यांच्या मते हा पदार्थ बुद्धी बिघडविणारा आहे, म्हणून बुद्धी बिघडेल इतका घेणे निषिद्ध, परंतु त्याचे सर्व नियम मद्याचे नाहीत. आमच्या कोकणात बहुसंख्य लोक ज्यांचे अनुसरण करतात त्या शाफई मसलकाचे थोर विद्वान इमाम नववी (र.) यांनी सडलेला अवयव कापण्याची वेळ आल्यास शुद्ध हरपणारे औषध देण्यास मुभा असल्याचे मत अधिक योग्य ठरविले. हनफी मसलकाचे अल्लामा इब्ने आबिदीन (र.) यांनी अशा घन वनस्पतींचे नशा न आणणारे अल्प प्रमाण उपचारासाठी घेणे निषिद्ध नसल्याचे लिहिले आहे.

दुसऱ्या बाजूने हेही लक्षात ठेवले पाहिजे की, एका सहाबींनी मद्य औषध म्हणून वापरण्याविषयी विचारले, तेव्हा पैगंबर (स.) यांनी ते औषध नसून रोग असल्याचे सांगितले. हराम वस्तूंनी उपचार करू नये, अशीही शिकवण हदीसमध्ये आहे. या साऱ्याचा मेळ घालून विद्वानांनी काही अटी सांगितल्या आहेत. आजार खरा असावा. जाणकार व विश्वासू वैद्याने सांगितलेले असावे. तितकाच गुण देणारे निःशंक हलाल औषध उपलब्ध नसावे. प्रमाण गरजेपुरतेच असावे. आणि हेतू उपचाराचा असावा, नशेचा नसावा.

वैद्यकशास्त्रही येथे मदतीला येते. या वनस्पतीतील टीएचसी हा घटक नशा आणतो, सीबीडी हा घटक तशी नशा आणीत नाही. 2018 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लहान मुलांच्या अपस्माराच्या दोन गंभीर प्रकारांवर शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता दिली. 2017 मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमींनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना तोंडावाटे घेतलेल्या या औषधांनी स्नायूंच्या ताठरपणात आराम वाटतो, याला त्यात चांगला आधार मिळाला. मात्र प्रत्येक दुखण्यावर गांजा हे औषध आहे, अशी जी जाहिरात चालते तिला असा आधार नाही.

म्हणून मी चाचांना सांगितले, "चाचा, पायाच्या पेटक्यांनी रात्ररात्र तळमळणारा माणूस डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून औषध घेतो, त्याला गंजेडी म्हणू नका. त्याने धुराऐवजी तेल किंवा कॅप्सूल घ्यावी, शक्यतो नशा न आणणारी मात्रा घ्यावी, नमाजच्या वेळी भान राहील अशी वेळ ठरवावी आणि तेथील जाणत्या मुफ्तींना आपली सर्व परिस्थिती सांगून सल्ला घ्यावा."

चाचांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. ते उठू लागले. मी त्यांना पुन्हा बसविले. कारण अर्धेच उत्तर झाले होते.

दुसरा प्रश्न: घराचा

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोललो. मुलगा सभ्य, शिकलेला. त्याने आपली बाजू नीट मांडली.

"मौलाना, माझ्याकडे सरकारची नोंदणी आहे. भाडे मी एक दिवसही चुकविलेले नाही. भाडेकरारात रोपे लावू नयेत असे कोठेही लिहिलेले नाही. मग मी चुकलो कोठे?"

"तुम्ही घरमालकांना आधी विचारले का नाही?"

तो थोडा थांबला. "विचारले असते तर त्यांनी नाही म्हटले असते."

"भाई, म्हणूनच तर विचारायला हवे होते," मी म्हणालो.

वाचकहो, या लेखाचे सार या एका संवादात आहे. समोरचा नाही म्हणेल हे आपल्याला माहीत असते, म्हणून आपण विचारीत नाही आणि मग करारात लिहिलेले नव्हते असे म्हणतो. कागदावर तो निर्दोष दिसेल. परंतु त्याचे मन जाणत होते की मालकाची संमती नाही. सूरह निसाच्या 29 व्या आयतीत ईमानवंतांना एकमेकांचा माल अन्यायाने खाण्यास मनाई केली असून व्यवहाराचा पाया परस्परांची राजीखुशी हा सांगितला आहे. भाडे हाही व्यवहारच आहे. भाडे देऊन आपण घराचा उपयोग विकत घेतो, घर विकत घेत नाही. आणि उपयोगही तोच, ज्याला दोघांची राजीखुशी आहे.

सरकारच्या नोंदणीचेही असेच आहे. ती नोंदणी शासन आणि रुग्ण यांच्यातील आहे. अमुक रोपे लावल्याबद्दल शासन तुम्हाला गुन्हेगार मानणार नाही, एवढेच ती सांगते. दुसऱ्याच्या भिंतीवर तुमचा हक्क झाला, असे ती सांगत नाही. कॅनडातील कायद्यानेही हा फरक ओळखला आहे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने 2018 मध्ये भाडेकायद्यात बदल केला आणि नवा कायदा येण्यापूर्वीच्या भाडेकरारांत गांजाची रोपे लावण्यास मनाई आहे असेच धरावे, अशी तरतूद केली. केंद्रीय परवानगीने आधीपासून औषधासाठी रोपे लावीत असलेल्या रुग्णांना, त्यांच्या करारात तशी मनाई नसल्यास, त्यातून सूट मिळाली. म्हणजे रुग्णाची गरजही पाहिली आणि मालकाचा हक्कही पाहिला.

लोहार, धोबी आणि जाते

मदरशात आम्ही कुदूरी नावाचा ग्रंथ शिकत होतो. पाचव्या हिजरी शतकातील इमाम कुदूरी (र.) यांचा हा हनफी फिकहचा पायाभूत ग्रंथ. त्यातील 'इजारा', म्हणजे भाड्याच्या प्रकरणात एक नियम येतो. पुढे हिदाया या ग्रंथात त्याचे विवरण आहे. माणूस घर भाड्याने घेतो, पण आत नेमके काय करणार हे करारात ठरलेले नसते. तरी करार वैध आहे, कारण घर राहण्यासाठी घेतले जाते हे सर्वांना ठाऊक असते. भाडेकरू त्यात राहण्याची सगळी कामे करू शकतो. मात्र मालकाच्या संमतीवाचून तो तेथे लोहाराची भट्टी, धोब्याचे कपडे आपटण्याचे काम किंवा दळणाचे जाते बसवू शकत नाही. कारण त्यांनी इमारतीला उघड इजा होते, ती कमकुवत होते.

विद्यार्थी असताना हा नियम मला जुन्या काळातील वाटे. भाड्याच्या घरात आता लोहार कोण बसवितो? परंतु भिवंडी-मालेगावच्या वाचकांना विचारा. राहण्याच्या खोलीत यंत्रमाग बसला की भिंती कशा हादरतात, हे त्यांना सांगावे लागत नाही. आणि चाचांच्या मुलाची कोठी पाहिल्यावर मला कुदूरीतील ते पान जसेच्या तसे आठवले.

ध्यानात घ्या, येथे लोहारकाम हराम आहे असे कोणी म्हणत नाही. लोहार, धोबी आणि दळणारा हे तिघेही हलाल कमाई करतात. अडचण त्यांच्या कामाच्या पवित्रतेची नाही, दुसऱ्याच्या इमारतीची आहे. म्हणून आपल्या विषयात 'हे औषध आहे, हलाल आहे' एवढे सिद्ध झाले तरी घराचा प्रश्न सुटत नाही.

बंद खोलीत ही रोपे वाढविताना नेमके काय होते? फुले यावीत म्हणून बारा तास प्रखर प्रकाश आणि बारा तास अंधार द्यावा लागतो. दिव्यांनी उष्णता वाढते. पाणी घातलेल्या कुंड्या आणि पाने हवेत सतत ओलावा सोडतात. कॅनडाच्या थंडीत बाहेरची भिंत गार असते. त्या गार भिंतीवर हा ओलावा दवासारखा जमतो आणि बुरशी धरते. घरगुती वायरिंगवर दिवे, पंखे आणि जोडतारा यांचा भार वाढला तर आगीचा धोका असतो. फुलांच्या काळात दर्प साऱ्या घरात पसरतो. घराच्या वापरातील असा बदल विमा कंपनीला कळविलेला नसेल तर नुकसानीच्या वेळी वाद उभा राहू शकतो, आणि तो मालकाच्या माथी येतो. लहान मुलांच्या हाती ही फुले किंवा त्यांपासून केलेला खाऊ लागला तर विषबाधा होऊ शकते, म्हणून कुलूपबंद जागा अनिवार्य ठरते.

पाच कुंड्यांनी घर कोसळत नाही, हे मान्य. नीट वायुवीजन ठेवले, वीज तंत्रज्ञाकडून तपासून घेतली तर यातील बरेच टाळताही येते. परंतु किती जोखीम पत्करायची, हे ज्याचे घर आहे त्याने ठरवायचे. भाडेकरूने त्याच्या वतीने गुपचूप ठरवायचे नाही.

दर्पाविषयीही आपल्याकडे सुंदर शिकवण आहे. कच्चा लसूण किंवा कांदा खाल्लेल्याने मशिदीपासून दूर राहावे, असे पैगंबर (स.) यांनी सांगितले. लसूण हलाल आहे. तरीही त्याच्या वासाने शेजारी उभ्या असलेल्यास त्रास होतो, म्हणून ही मर्यादा घातली. जिन्यावरून वर जाणारा दर्प हा त्याच जातीचा आहे. शेजाऱ्याच्या हक्काविषयी जिब्रील (अलै.) यांनी पैगंबरांना (स.) इतकी वारंवार ताकीद केली की, शेजाऱ्याला वारसदारच ठरविले जाईल असे त्यांना वाटू लागले. येथे तर शेजारी आणि मालक एकच होता.

आणखी एक हदीस मी त्या मुलाला सांगितली. पैगंबर (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला. वरून धान्य कोरडे होते, आत बोटांना ओल लागली. विकणाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. मग ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसविणारा आपल्यातला नाही, असे बजावले. मी म्हणालो, "भाई, पाऊस पडणे हा त्या व्यापाऱ्याचा गुन्हा नव्हता. ओल झाकणे हा गुन्हा होता. तुमचा आजारही तुमचा गुन्हा नाही."

गरज आणि दुसऱ्याचा हक्क

त्याने शेवटचा आणि सर्वांत बलवान मुद्दा मांडला. "मौलाना, अगतिक माणसासाठी तर शरिअतने मेलेल्या जनावराचे मांसही माफ केले आहे."

खरे आहे. सूरह बकराच्या 173 व्या आयतीत उपासमारीने अगतिक झालेल्यास, मर्यादा न ओलांडण्याच्या अटीवर, ती सवलत आहे. परंतु फिकहच्या नियमांत याच्या शेजारीच आणखी दोन नियम उभे आहेत. पहिला असा की, सवलत गरजेच्या मापाचीच असते, तिच्याहून मोठी होत नाही. दुसरा असा की, एकाची अगतिकता दुसऱ्याचा हक्क नाहीसा करीत नाही. उस्मानी काळात, 1869 ते 1876 दरम्यान संकलित झालेल्या मजल्ला या कायदासंहितेत हा नियम 33 व्या कलमात आहे. त्याचे उदाहरणही तेथे दिले आहे. भुकेने मरणाऱ्याने दुसऱ्याची भाकरी खाल्ली तर त्याचा जीव वाचला हे चांगलेच झाले, परंतु त्या भाकरीची किंमत त्याने नंतर चुकती केली पाहिजे.

किती न्याय्य नियम आहे हा! भुकेल्याला चोर म्हटले नाही आणि भाकरीवाल्यालाही वाऱ्यावर सोडले नाही.

हे माप आपल्या प्रसंगाला लावून पाहू. त्या तरुणाला गरज औषधाची होती. घरात रोपे लावणे ही त्या औषधापर्यंत जाणारी एक वाट होती, एकमेव वाट नव्हती. टपालाने तेल मागविता येत होते. ते महाग पडते, ही त्याची खरी अडचण होती. आजारामुळे त्याचे कामाचे तास कमी झाले होते. ही अडचण लहान नाही आणि मी ती लहान मानीत नाही. तथापि आपला खर्च वाचावा म्हणून दुसऱ्याच्या घरावर त्याच्या नकळत जोखीम टाकणे, याला अगतिकता म्हणता येत नाही. भाड्याचे घर भाडेकरूच्या हाती अमानत असते. साध्या वापराने झीज झाली तर त्याची भरपाई त्याच्यावर येत नाही. पण मर्यादा ओलांडून, संमतीबाहेरच्या वापराने नुकसान झाले तर ते भरून देणे त्याच्यावर बंधनकारक होते.

घरमालकानेही ऐकावे

येथे थांबलो तर लेख एकांगी होईल. घराची मालकी ही अल्लाहची देणगी आहे आणि तिच्याबरोबर जबाबदारी येते. आजारी भाडेकरू विश्वासाने येऊन सांगतो, तेव्हा त्याला गंजेडी म्हणून हाकलणे मुसलमानाला शोभत नाही. अडचणीत असलेल्यास सवड देणाऱ्याला अल्लाह सवड देतो, ही शिकवण केवळ कर्जापुरती मानू नये. मालकाने विचारावे: किती रोपे, कोठे, किती काळ, विजेचे काय, कुलपाचे काय? परवडणारे असेल तर लेखी अटी घालून हो म्हणावे. परवडणारे नसेल तर नीट शब्दांत नाही म्हणावे आणि पर्यायासाठी वेळ द्यावा. ऑंटारिओतही मालकाला भाडेकरूस परस्पर बाहेर काढता येत नाही. त्याला भाडेविषयक मंडळापुढे जावे लागते, आणि अपंगत्व किंवा आजार असलेल्या भाडेकरूची शक्य तितकी सोय पाहणे हेही तेथील मानवी हक्क कायद्यात आहे.

भारतातील वाचकांसाठी सावधगिरीची सूचना

हा लेख वाचून कोणी चुकीचा अर्थ काढू नये. आपल्या देशात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार शासकीय परवान्यावाचून गांजाचे झाड लावणे हा गंभीर गुन्हा आहे. त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरगुती औषधासाठी म्हणून एक रोप लावण्याची सवलत नाही. जो मालक किंवा ताबेदार जाणूनबुजून आपली जागा अशा कामासाठी वापरू देतो, तोही त्याच कायद्याने शिक्षेस पात्र ठरतो. कॅनडातही सर्वत्र एकच नियम नाही. क्वेबेक प्रांताने औषधाव्यतिरिक्त घरी रोपे लावण्यास केलेली मनाई तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये वैध ठरविली. ज्यांची मुले परदेशात आहेत त्यांनी तेथील कायदा तेथेच विचारून घ्यावा. ज्या देशात आपण राहतो तेथील कायदा पाळण्याचे वचन आपण व्हिसा घेतानाच दिलेले असते, आणि वचन पाळण्याचा आदेश सूरह माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे.

पुढे काय झाले

त्या शुक्रवारी जुमाची नमाज पढून मुलगा जिना चढून वर गेला. त्याने मालकांना आपल्या आजाराविषयी सांगितले. तोवर त्यांना हा आजारी आहे एवढेही ठाऊक नव्हते. त्याने न विचारल्याबद्दल माफी मागितली, रोपे नष्ट केली, दिवे उतरविले आणि कोठीच्या भिंतीवर आलेली बुरशी स्वतःच्या खर्चाने साफ करून रंग देऊन घेतला. मालकांनी करार संपेपर्यंत राहू देण्याचे कबूल केले. त्यापुढचे अद्याप ठरलेले नाही. मुलगा आता परवानाधारक विक्रेत्याकडून तेल मागवितो. ते महाग पडते.

मागच्या महिन्यात चाचा पुन्हा पायरीवर भेटले. बँकेतून येत होते. आखातातल्या कमाईतून बाजूला ठेवलेल्या ठेवीतील काही रक्कम त्यांनी मुलाला पाठविली होती. "औषधाला पाठवतो, मौलाना," एवढेच ते म्हणाले आणि वजूला गेले. ज्या वस्तूचे नाव उच्चारताना त्यांनी मान वळविली होती, तिच्यासाठी ते आता मान वर करून पैसे पाठवीत होते. कारण आता त्यात लपविण्यासारखे काही उरले नव्हते.

या अभ्यासातून घ्यावयाचे बोध

1. नशेसाठी गांजा हराम आहे. खऱ्या आजारात, जाणकार डॉक्टरांच्या सल्ल्याने, गरजेपुरती औषधी मात्रा हा वेगळा प्रश्न आहे. रुग्णावर शिक्का मारण्याआधी विचारपूस करा.

2. एखादी गोष्ट हलाल असणे आणि ती दुसऱ्याच्या घरात करण्याचा हक्क असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

3. करारात लिहिलेले नाही याचा अर्थ संमती आहे असा होत नाही. इमारतीला इजा किंवा शेजाऱ्याला त्रास होईल असे काम असेल तर आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

4. समोरचा नाही म्हणेल म्हणून न विचारणे ही फसवणुकीची पहिली पायरी आहे.

5. अगतिकतेने सवलत मिळते, पण दुसऱ्याचे देणे फिटत नाही. झालेले नुकसान भरून द्या.

6. घरात मुले-मुली, सुना, वृद्ध कोणीही आजारी असेल तर त्यांना औषध लपवून घेण्याची वेळ येऊ देऊ नका. त्या तरुणाने मालकापासून लपविले, तसेच बापापासूनही कित्येक महिने लपविले होते. घरच्यांनी आधी ऐकून घेतले असते, तर कदाचित ही वेळ आली नसती.

अल्लाह आपल्या सर्व आजारी बंधू-भगिनींना शिफा देवो, आपल्या हाती असलेल्या प्रत्येक अमानतीची राखण करण्याची तौफीक देवो आणि ज्यांना स्वतःचे घर नाही त्यांना शांततेचा निवारा लाभो. आमीन.

वल्लाहु आलम.